डब्यातले थर

गेल्या महिन्यात मी देवाच्या वाट्याचं धान्य दळून आणलं आणि त्याच्या पोळ्या खाल्ल्या.

इरादा वाईट नव्हता. माझ्या बऱ्याचशा चुकांमागे इरादा नसतोच, तेवढी मेहनत मी घेत नाही. झालं असं, की माझी बायको सुशीला चुलतभावाच्या मुलीच्या साखरपुड्याला जानेफळला, म्हणजे माहेरी, गेली होती. तिथून तिचा फोन आला. "निवडलेला गहू डब्यात हाय, तेवढा दळून आणा. आन मूठ टाकाले इसरू नका." दोन कामं सांगितली होती. एक मी चुकीचं केलं आणि दुसरं विसरलो.

मूठ म्हणजे काय ते सांगतो. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आम्ही उपासकाळ पाळतो. त्या दिवसांत आमच्या चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक घरात एक डबा ठेवलेला असतो. त्या दिवशी घरात जे शिजणार असेल त्याची एक मूठ आधी त्या डब्यात टाकायची आणि मगच चूल पेटवायची. पोळ्या असतील तर गव्हाची, भाकरी असेल तर ज्वारीची, खिचडी असेल तर तांदळाची. निवडानिवड नाही. जे घर खाणार तेच. ईस्टरच्या आदल्या शनिवारी सगळे डबे चर्चमध्ये जातात, आणि ज्यांच्या घरी त्या दिवसांत धान्य संपलेलं असतं त्यांच्याकडे ते धान्य गुपचूप पोचतं.

आमच्या स्वयंपाकघरात सारख्याच तोंडवळ्याचे दोन डबे आहेत. निवडलेल्या गव्हाचा दाराआड, मुठीचा ओट्याखाली. मला ओट्याखालचा आधी दिसला. मी तो पिशवीत घातला आणि गिरणीवर गेलो.

गिरणीवाला डबा टोपल्यात ओतता ओतता थांबला. "काका, हे काय आणलं हो? वरते ज्वारी, मधात तांदूळ, खाली गहू?"

"मल्टिग्रेन," मी म्हणालो. "तब्येतीले चांगलं असते."

त्याने माझ्या पोटाकडे एकदा पाहिलं. "असन बा," म्हणाला आणि चक्की सुरू केली.

मी तीस वर्षं चिखलीच्या मार्केटात अडत्याकडे धान्य पारखतो. पोत्याच्या तोंडाशी उभं राहून त्याच्या पोटातलं सांगतो, असा निदान माझा स्वतःचा समज आहे. त्या माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच घरचे महिन्याभराचे थर चक्कीत गेले, आणि मी शेजारच्या बाकावर बसून कुणाच्या तरी ज्वारीला कीड आहे का ते बघत होतो.

संध्याकाळी दाराआडचा भरलेला डबा दिसला तेव्हा आपण काय दळून आणलं ते कळलं. मग चारचौघे करतात तेच मी केलं. तो सगळा निवडलेला गहू मुठीच्या डब्यात ओतला, झाकण दाबलं आणि हात धुतले.

सुशीला शनिवारी आली. रविवारी तिने कणीक मळायला घेतली आणि मधेच तिचा हात थांबला. पहिली पोळी लाटताना फाटली. दुसरीही फाटली. तिसरी तिने ठिगळ लावून तव्यावर टाकली.

"गहू बदलला वाटते," ती म्हणाली.

मी ताटातल्या चटणीकडे फार लक्ष दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ओट्याखालचा डबा ओढला, झाकण उघडलं, आणि मूठ वरच धरून जराशी तशीच राहिली. मग मूठ सोडली, झाकण लावलं, उठली. काही बोलली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा सुरू झाला. हिला कळलंय का? कळलं असेल तर ही बोलत का नाही? आणि कळलं नसेल, तर हिने रोज भाकरीच का लावलीय?

संशय हा माझा जुना धंदा आहे. आजवर तो मी दुसऱ्यांवर करत आलो, त्यामुळे तो अंगावर आला की कसा टोचतो याची सवय नाही.

*

आमच्या भागात उपासकाळ नेमका अशा दिवसांत येतो, जेव्हा कुणाच्या मनात उपास येऊ नये. हरभरा निघून मार्केटात आलेला असतो. गहू सोंगून पडलेला असतो. सकाळपासून ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, हवेत भुसा तरंगतो आणि दिवसभर माणसं एकमेकांच्या तोंडावर शिंकतात. रस्त्याच्या कडेचे पळस फुलून फुलून थकलेले असतात. घराघरांत कोठीच्या तळाशी जुना गहू राहिलेला, मातकट, जरा थकलेला. आणि मग एका सकाळी नव्या गव्हाचं पोतं दारात उतरतं. मुठीच्या डब्यात हे सगळं उतरत जातं. खाली जुना गहू, मग ज्वारी, मग पाहुणे आले त्या दिवशीचा तांदूळ, मग नव्या गव्हाची पिवळी चकाकी. डबा शांतपणे उघडून बघितला तर त्या घराची डायरीच असते. फक्त ती वाचायची परवानगी कुणालाच नसते.

सकाळी सहाला घरप्रार्थना असते, रोज वेगळ्या घरी. अजून गारवा असतो. अंगणात सडा टाकलेला, चपलांचा ढीग, आतून पेटीचा भाता फुसफुसतोय, कुणाचा तरी आवाज वरच्या पट्टीत जाऊन तिथेच अडकलाय, आणि सगळ्यावर आल्याच्या चहाचा वास. मला आवाज नाही, पाठांतर नाही, आणि डोळे मिटून प्रार्थना करायची म्हटली की दोन मिनिटांत मी हरभऱ्याच्या भावाशी जाऊन पोचतो. म्हणून मी लोकांना बघत बसतो. मिटल्या डोळ्यांच्या मंडळीत एक उघडा डोळा माझा.

त्याच उघड्या डोळ्याने मी एक अख्खा उपासकाळ प्रभाकरला बघितलं. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण हरभऱ्याचा भुसा नाकात गेला की तो उपासकाळ परत येतो.

प्रभाकर सुशीलाचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा. आमच्याच मार्केटात हमाल होता. शंभर किलोचं पोतं पाठीवर असं घ्यायचा, की जणू पोरगं खांद्यावर बसवलंय. पण संध्याकाळी त्याला दारू लागायची. एका नाताळाला तो पिऊन चर्चमध्ये आला आणि गीत ऐन रंगात असताना पेटीवर पडला. पेटीचा भाता फाटला. मंडळीच्या पंचांनी ठरवलं, की प्रभाकरला प्रभुभोजनाला, म्हणजे भाकरी-द्राक्षरसाच्या विधीला, बसू द्यायचं नाही, पुन्हा ठरेपर्यंत. त्याची बायको लहान पोरीला घेऊन पिंपळगाव राजाला आईबापांकडे निघून गेली. निघताना सांगून गेली, "मंडळीनं ह्याले पुन्हा भोजनाले घेतलं, तं मी येईन. ह्याच्या सांगण्यावर आता मले इश्वास नाही."

त्यानंतरच्या उपासकाळात प्रभाकर रोज सकाळच्या प्रार्थनेला येऊ लागला. ईस्टरच्या आदल्या शनिवारी पंच बसणार होते आणि त्याचं ठरवणार होते. पंचांत मी एक होतो.

पारखणाऱ्याचा एक नियम असतो. पोत्याच्या तोंडाशी जे असतं ते दाखवायला ठेवलेलं असतं. म्हणून आमच्याकडे परखी असते, लोखंडाची टोकदार नळी, बाजूला लांब खाच. ती पोत्याच्या पोटात खुपसायची, फिरवायची आणि ओढून काढायची. आतल्या थरांतलं धान्य खाचेत जसंच्या तसं येतं. वर चोखा गहू आणि मधात किडका दिसला, की शेतकरी कितीही शपथा घेवो, आपण मान हलवायची. ही मान हलवायची सवय मी हळूहळू माणसांनाही लावली. प्रार्थना करणारा माणूस दिसला, की मला वाटायचं, हे तोंडाशी आहे. पोटात काय आहे?

म्हणून मी प्रभाकरच्या शेजारी बसायला लागलो. मंडळीला वाटलं, जावयाचं किती प्रेम! मी खरं तर वास घेत होतो. पहिल्याच आठवड्यात सापडलं: लवंग. रोज सकाळी तोंडात लवंग. रात्रीची झाकायला दुसरं काय असणार? हे मी मनात नोंदवून ठेवलं. पुढे कळलं, त्याची दाढ किडली होती आणि दवाखान्यात जायला सुट्टी मिळत नव्हती. पण ते फार पुढे.

मग त्याचं शास्त्र, म्हणजे बायबल. त्यात तो खूण म्हणून गव्हाची काडी ठेवायचा. मी दर दोन-तीन दिवसांनी काडी कुठे आहे ते बघून ठेवायचो. माणूस खोटा असेल तर काडी हलणार नाही, किंवा एकदम पन्नास पानं पुढे उडी मारेल. काडी हलायची, पण कशी? आज अर्धं पान. उद्या अर्धं पान. एखाद्या आठवड्यात दोन पानं. मला ती चाल फार संशयास्पद वाटली. इतकं हळू कोण वाचतं? प्रभाकर चौथी शिकलेला होता आणि एकेक ओळ बोट ठेवून, ओठ हलवत वाचायचा, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. काडी एकदाही मागे गेली नाही, हेही माझ्या लक्षात होतं. ते मी नोंदवलं नाही, इतकंच.

सुशीला एकदा म्हणाली, "तुमी त्याच्याकडं काऊन असं पाहून राह्यले?"

"कसं?"

"माल पाहाल्यासारखं."

मी म्हणालो, "तुझा भाऊ आहे म्हणून काळजी वाटते." ती पुढे काही बोलली नाही. तिचं गप्प बसणं मला तेव्हाही वाचता येत नव्हतं.

*

शनिवार आला. चर्चच्या ओसरीत डबे एका रांगेत मांडलेले होते, प्रत्येकावर घराचं नाव लिहिलेली चिठ्ठी. मी दुकानातून येताना परखी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती. हे लिहितानाही कान तापतात, पण आणली होती. पंच आत जमत होते. प्रभाकर मागच्या आडावर पाणी आणायला गेला होता. ओसरीत दुसरं कुणी नव्हतं. मी त्याच्या डब्याचं झाकण काढलं आणि परखी थेट तळापर्यंत खुपसली.

बाहेर काढली आणि माझं काळीज आनंदाने उडालं. आनंदाने, हो. खाली जुना गहू. मग ज्वारी, बरी. मग बोटभर उंचीचा एक थर: किडकी ज्वारी, भोकं पडलेली, पीठ झालेली, त्यात मेलेले सोंडे. आणि वर पुन्हा चांगला गहू. वर चोखं, मधात किडकं. इतक्या वर्षांचा माझा नियम एका नळीत.

मी तो थर तळहातावर घेतला आणि आत गेलो. चर्चचे पाळकसाहेब होते, आणखी दोघे पंच होते. बायका पलीकडच्या खोलीत उद्याच्या फुलांचं बघत होत्या, आणि सुशीला मधल्या दारात परडी घेऊन उभी होती.

"हे बघा," मी म्हणालो. "हे त्यानं देवाला दिलं. वरून झाकून."

तेवढ्यात प्रभाकर ओल्या हातांनी आत आला. माझ्या तळहाताकडे पाहिलं. टेबलावरच्या परखीकडे पाहिलं. मार्केटात तो ती रोज बघत होता, ती काय असते हे त्याला सांगायची गरज नव्हती.

"प्रभाकर," पाळकसाहेब म्हणाले, "हे तुझ्या डब्यातलं आहे?"

"हाव," तो म्हणाला. "मार्च एंडात मार्केट बंद नव्हतं का, साहेब? आठ दिवस. हाताले काम नव्हतं. घरात थेच जवारी होती. आईच्या वखताची, मडक्यात राह्यलेली." त्याने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढलेला नव्हता, तो मला खरंच समजावून सांगत होता. "मी थेच खाल्ली, भाऊजी. मंग मूठ कायची टाकू? दुसरी कुठून आणू? चांगली उसनी आणून टाकली असती, तं ते माह्यं जेवण नसतं ना."

बाहेर डब्यांभोवती चिमण्या जमल्या होत्या.

मी तेवढ्यात मनात दिवस मोजले. आठ दिवस मार्केट बंद, बोटभर थर. एकही दिवस चुकलेला नव्हता. जी ज्वारी मी बाजारात जनावरासाठीसुद्धा घेऊ दिली नसती, ती त्याने आठ दिवस दळून खाल्ली होती, आणि रोज खाण्याआधी त्यातली एक मूठ बाजूला काढली होती. दारू प्यायला मात्र त्या आठ दिवसांत सगळ्यात जास्त वेळ होता. मी परखी लावली होती आणि परखीने खरंच सांगितलं होतं. वाचणारा गाढव होता.

पाळकसाहेब मला म्हणाले, "ही मूठ परत डब्यात टाका." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग प्रभाकरला म्हणाले, "उद्या सकाळी सातला. अंगावर धुतलेला सदरा असू दे."

मी ओसरीत जाऊन ती ज्वारी डब्यात टाकली. पण आतला थर आत कसा जाणार? ती वरच राहिली, चोख्या गव्हावर, सगळ्यांना दिसेल अशी. तिला हाताने खाली सारावं असं मला वाटलं, पण सुशीला दारातून बघत होती.

दुसऱ्या दिवशी भोजनाच्या वेळी प्रभाकर माझ्याच शेजारी गुडघे टेकून होता. त्याच्या तोंडाला लवंगेचा वास होता. माझ्या बोटांना सोंड्यांचा, साबणाने दोनदा धुऊनही. भाकरीचा तुकडा माझ्या हातात आला तेव्हा मी प्रथमच डोळे मिटले. भीतीने मिटले, भक्तीने नाही. पुढच्याच आठवड्यात प्रभाकरची बायको एसटीतून उतरली, कडेवर झोपलेली पोरगी आणि हातात ट्रंक. तिला घ्यायला सुशीला गेली होती. मला कुणी बोलावलं नव्हतं.

या प्रकरणावर सुशीला मला एक शब्दही बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. वर्षानुवर्षं मी वाट बघतोय.

*

लोकांना वाटतं विश्वास वाढतो म्हणजे माणूस एका रात्रीत बदलतो. चर्चमध्ये उभं राहून दिलेल्या तशा साक्षी मी पुष्कळ ऐकल्या आहेत आणि बहुतेकांवर मनातल्या मनात मान हलवली आहे. प्रभाकरने कधीच साक्ष दिली नाही. त्याची काडी अर्धं अर्धं पान सरकत राहिली. जुना करार संपला, नवा संपला, आणि मग त्याने काडी पुन्हा पहिल्या पानावर ठेवली. मधे एकदा तो घसरला. गावच्या लग्नात प्यायला आणि सकाळी स्वतःच पाळकसाहेबांच्या दारात जाऊन बसला. मला ते तिसऱ्याकडून कळलं, आणि खोटं कशाला बोलू, आतला जुना पारखी क्षणभर खूश झाला. तो अजून आहे. मी बदललो असेन असं कुणाला वाटत असेल, तर त्याने मलाही परखी लावून बघावी.

आता प्रभाकरचे केस पांढरे झाले आहेत. पाठीने पोती सोडली आहेत. आणि उपासकाळाच्या शेवटी घरोघरचे डबे गोळा करायचं काम मंडळीने त्याच्याकडे दिलं आहे. जावयाच्या ऑटोत बसून तो येतो, झाकण काढतो, कोपरापर्यंत हात घालून धान्य सारखं करतो, म्हणजे ऑटोत सांडत नाही. त्याचा तो हात म्हणजे माझ्या लोखंडी नळीपेक्षा पक्की परखी.

त्यामुळे परवाच्या शनिवारी मी सकाळपासून आत-बाहेर करत होतो. बाहेर ऑटो थांबली.

"ताई, डबा!"

सुशीलाने डबा आणून ठेवला. प्रभाकरने झाकण काढलं आणि हात घातला. बोटं गेली, मनगट गेलं, कोपर गेलं. मला माझ्या छातीत परखी जाते आहे असं वाटलं. वर बारा-तेरा दिवसांच्या भाकरीची ज्वारी, आणि खाली तळापर्यंत निवडलेला, एकसारखा, एकाच दिवसाचा गहू. त्याने मूठभर वर काढला, तळहातावर पसरला आणि बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"एक खडा नाही," तो म्हणाला. "लई मेहनतीनं निवडला, ताई."

"मी निवडला," सुशीला म्हणाली. तेवढंच.

त्याने गहू परत डब्यात सोडला, झाकण लावलं. चहा घे म्हटलं तर म्हणाला, अजून आठ घरं राहिलीत. ऑटोत चढताना थांबला. "येतो, भाऊजी. उद्या सातला." आणि हसला. ते हसू कशाचं होतं यावर मी पुढचा अर्धा तास घालवला. त्याला कळलं का? कळून सोडून दिलं का? की नेहमीसारखाच हसला आणि मीच त्यात थर शोधतोय?

शेवटी मी स्वयंपाकघरात गेलो. सुशीला माझ्या मल्टिग्रेनच्या उरलेल्या पिठाची थालीपिठं लावत होती. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि ते पीठ कशाला चालेल हेही तिने ठरवून ठेवलं होतं. मी सगळं सांगून टाकलं: डबा, गिरणी, ओतलेला गहू. त्या शनिवारची परखीही सांगितली, जी तिने डोळ्यांनी पाहिली होती आणि जिच्याबद्दल मी तिला कधी काही सांगितलं नव्हतं. ती थालीपिठाला बोटाने भोकं पाडत ऐकत राहिली. तेल सोडलं. झाकण ठेवलं.

मग म्हणाली, "प्रभाकरच्या डब्यात चाळीस दिवस प्रभाकरचा हात जात होता. आपल्या डब्यात लग्न झाल्यापासून माह्याच हात गेला. तुमचा यंदा पहिल्यांदा गेला, आन तोही लपवाले." थालीपीठ उलटलं, आणि माझ्या ताटात वाढलं. "जाऊ द्या. सुरुवात तं झाली."